दगडावरची मोकळी जागा

सोलापूरच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आला आणि शनिवारी सकाळी मी पुण्याहून सोलापूरची पॅसेंजर धरली. काम अवघड होतं. सालोमीआत्याला समजावायचं होतं. तिचा प्रभाकर आणि शेजारच्या मार्थाबाईंचा दाविद एकाच गाडीने सैन्यात गेले. युद्धात दाविद पडला, प्रभाकर बेपत्ता झाला. पुढे लष्कराने त्यालाही मृत धरलं. आत्याने धरलं नाही. चर्चच्या मंडळीने दोघांसाठी स्मृतिशिला करवली, पण आत्या प्रभाकरचं नाव कोरू देईना, आणि एकट्या दाविदच्या नावाची शिला लावायला मार्थाबाई तयार नव्हत्या.

घाई नसेल तर पॅसेंजरच बरी. केम स्टेशनला ती निवांत थांबते, चहा बरा मिळतो. पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी. मी मनात वाक्यं जुळवत होतो. हे आत्यासाठी की सगळ्यांची एकदा सुटका व्हावी म्हणून, ते मात्र ठरत नव्हतं. समोर बसलेले मंद्रूपचे एक शेतकरी म्हणाले, "पावणं, कुटं?"

"आत्याकडे," मी डबा उघडत म्हटलं.

"अन् डबा बांधून? आत्या लई रागवंल की!"

स्टेशनवरून टांगा करावा, भाडं आधी ठरवावं. आत्या दारातच होती.

"मला समजावायला आलास व्हय? आधी भाकर खा."

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. त्यांच्या चर्चमध्ये दर रविवारी दूर असलेल्यांसाठी प्रार्थना होते; घरचं माणूस उभं राहून नाव घेतं. आत्याने एकही रविवार चुकवला नव्हता.

"दगडावर नाव गेलं की प्रार्थनेतनं जाणार," ती म्हणाली. "दोन्हीकडं कसं ठेवू? देवानं तरी काय समजायचं?"

माझं एकही वाक्य कामाला आलं नाही.

संध्याकाळी ती स्वतःच म्हणाली, "चल, दगड बगू." चर्चच्या मागच्या खोलीत तो गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. मार्थाबाईही आल्या. वर दाविदचं नाव, खाली कोरी जागा. आत्याने पदराने धूळ पुसली.

"मार्था, पोराला किती दिवस गोणपाटात ठेवतीस? लाव त्याचं. माझ्याची जागा राहू दे."

"अन् आलाच न्हाय तर?"

"तर मी गेल्यावर कोरा."

मार्थाबाईंनी गोणपाटाची घडी घातली.

पाळकसाहेबांनी लगेच गवंडी बोलावला. रविवारी शिला भिंतीत होती. मार्थाबाईंनी शेवंतीची फुलं ठेवली आणि त्यांतली दोन खालच्या जागेकडे नेली. आत्याने हळूच त्यांचा हात धरला. फुलं वरच राहिली.

पुढे दूर असलेल्यांची प्रार्थना आली. आत्या उठायच्या आधी मार्थाबाई उभ्या राहिल्या.

"प्रभाकर," त्या म्हणाल्या.

"आमेन," आत्या बसूनच म्हणाली.

पुण्याला घरी पत्नीने विचारलं, "समजावलंत?" मी नाही म्हटलं. रात्रीच्या प्रार्थनेत मीही प्रभाकरचं नाव दूर असलेल्यांत घेतलं. तो परतेल असं मला वाटत नाही. पण नाव घेताना खोटं बोलतोय असंही वाटलं नाही. हे कसं, ते मला अजून सांगता येत नाही.

तुम्ही गेलात तर शिला आत शिरताच उजव्या भिंतीवर आहे. फुलं नेलीत तर वरच्या नावापाशी ठेवा. खालच्या जागेला नकोत.