आमसुलांचा प्रश्न

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. म्हणून रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आईसमोर कागद-पेन्सिल ठेवून घड्याळ काढायला सांगितलं, तेव्हा मी गप्प बसले नाही.

"ती शाळेत गेलेली नाही," मी म्हटलं. "अंगठा उठवते. हा पेपर तिच्यासाठी नाही."

आई हल्ली विसरायला लागली होती, तपासण्यांचे रिपोर्ट टेबलावरच होते. आजार ठरला, तर आईचं गावच्या घरात एकटीनं राहणं संपणार होतं. मला तो ठरू द्यायचा नव्हता.

डॉक्टर रागावले नाहीत. "बरोबर आहे तुमचं. मग त्यांना जे येतं ते सांगा, तेच विचारतो."

"आमसुलं," मी लगेच म्हटलं. दर उन्हाळ्यात ती करायची, अर्धी वाडी तिच्याकडून न्यायची.

आई सावरून बसली. "का, डॉक्टर? तुमच्या घरात येत नायत कुणाला?"

"नाही ना. सांगा की."

"रातांबे फोडायचे. बिया काढायच्या. सालं उन्हात टाकायची."

"मग?"

"मग उन्हात टाकायची."

"रसाचं काय करता?"

मीठ घातलेल्या रसात सालं बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. माझ्या ओठांवर आलं होतं. डॉक्टरांनी नुसता हात वर केला. आईनं माझ्याकडे बघितलं.

"आमच्या बायला इचारा. तिला सगळं येतं."

मला काही येत नव्हतं, नुसतं बघून माहीत. रातांब्यांना ती मला हात लावू देत नसे. बोटं लाल होतील, कॉलेजात काय म्हणतील, म्हणायची.

डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं, मग स्मृतिभ्रंश म्हटलं. ऑफिसात साहेबांचं ऐकताना हलवते तशी मी मान हलवत होते. गोळी जेवणाआधी की नंतर, एवढंच विचारलं. रडू वगैरे काही आलं नाही.

बाहेर बाकावर बसवल्यावर आई म्हणाली, "काय बोल्ला?"

मुंबईहून भावानं फोनवर बजावलं होतं, आईला सांगू नकोस, वय झालं म्हण. मला तसं जमलं नाही.

"विसरण्याचा आजार आहे. गोळ्यांनी जरा हळू वाढेल. बरा नाही होणार."

तिनं इकडेतिकडे बघून आवाज खाली केला.

"वाडीत बोलू नको हां. वेडी झाली म्हणतील."

"वेड नाही हे, आई."

"तुला ठाऊक गो. त्यांना कुठं?"

"आता एकटीनं राहायचं नाही. माझ्याकडे चल."

मी भांडणाच्या तयारीत होते. शेजारीण, गोठा, देवाचा दिवा, ती काय काय काढणार ते मला पाठ होतं.

"बरं," ती म्हणाली.

मी तिची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, इथून उठू नको असं सांगितलं आणि औषधांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.