कॉपी पकडणाऱ्या कुंदाबाई

कुंदाबाई पिंप्राळ्याच्या. जळगावला बी.एस्सी. झाल्या आणि धुळ्याला क्षयाच्या दवाखान्यात रक्त-थुंकी तपासायला लागल्या. हात इतका हलका, की सुई टोचली तरी माणूस बोलायचा थांबत नसे. जीभ मात्र हलकी नव्हती.

१९९६ साली पुण्याच्या एका प्रयोगशाळेला क्षय आणि एचआयव्ही दोन्ही जडलेल्यांचं, शिवाय त्यांच्या घरच्यांचं रक्त हवं होतं. हा विषाणू स्वतःच्या नकला काढताना चुका करतो. त्या चुका वाचून तो कोणत्या घराण्यातला, कसा पसरला, क्षयाच्या जोडीने काय करतो, हे तिथली माणसं शोधत. कुंदाबाई बर्फाच्या डब्यात नळ्या घालायच्या आणि डबा मांडीवर घेऊन स्वतः एसटीने पुणं गाठायच्या. नळीवर नाव नाही, फक्त नंबर.

ट्रक चालवणारा लोटन आणि त्याची बायको सुंदरबाई, दोघांच्या नळ्या त्यात गेल्या. एचआयव्ही दोघांना, क्षय लोटनला, म्हणून तो दवाखान्यातच दाखल. रोग सुनेनेच आणला, असं लोटनची आई भिकुबाई हिने कधीच ठरवून टाकलं होतं. पुण्याचा कागद आला, की सुनेची लेकीसकट भडगावला माहेरी रवानगी.

कागद आल्याचं कळताच म्हातारी हजर. मागे गाठोडं घेऊन सुंदरबाई.

“ताई, मन्हा आंडोरले, लोटनले, हिनीच बिमारी दिन्ही ना? कागदवर काय शे?”

“कागद तुमच्यासाठी नाही, अक्का. आणि कोणी कोणाला दिली, हे असले कागद सांगत नाहीत.”

“मंग एवढं रगत कसाले लिधं?”

कुंदाबाई वैतागल्या. “दोन पोरांच्या पेपरात त्याच त्याच चुका दिसल्या, की मास्तर म्हणतो, कॉपी झाली. पण कोणी कोणाची केली, ते पेपर बोलत नाही. ते पोरांनीच कबूल करायचं असतं.”

आणि उठून त्या तडक लोटनच्या खाटेपाशी गेल्या.

“लोटनभाऊ, पुण्याच्या यंत्राला जे सांगता येत नाही, ते तुम्हाला येतं. तुमची बायको बाहेर गाठोडं घेऊन उभी आहे. बोलणार, की नुसते खोकणार?”

लोटन खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, “माय, आठे ये. बिमारी मीच आनी. गाडीवर व्हतू तव्हय. तिनी नही.”

म्हातारीने कपाळाला हात लावला आणि मग ती लेकावरच उखडली. “मुडद्या, सहा महिना तोंडमा बोळा व्हता का तुन्हा?” मागोमाग आत आलेल्या सुनेकडे न बघताच ती म्हणाली, “ठेव ते गाठोडं.”

सुंदरबाईने ठेवलं नाही. “विहिरवर चार बायासमोर बोलनात माले. आते तठेच सांगा, सुननी चूक नही.”

भिकुबाईने पदर सारखा केला. “सांगसू,” म्हणाली.

गाठोडं खाली आलं. कुंदाबाईंनी सुंदरबाईच्या हातात एक डबी दिली. “उद्या सकाळची पहिली थुंकी यात आण. तुलाही क्षय नाही ना, बघून घेऊ. आठच्या आत ये, मला पुण्याची गाडी धरायची आहे.”