सासूबाई, मी आणि मोडेमचा डबा

माझ्या सासऱ्यांच्या सात पिढ्या मी एका दुपारी पुसून टाकल्या. हेतू वाईट नव्हता.

तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. माझी सासुरवाडी बुलढाण्याजवळच्या धाड गावची. मेहुणा परदेशात, त्याला मुलगी झाली आणि त्याने बाळाचा फोटो ईमेलने पाठवला. सासऱ्यांकडे कॉम्प्युटर होता, मोडेमचा नवा डबाही आणून ठेवला होता. जोडणारा माणूस तेवढा नव्हता. मी बुलढाण्यात तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केलेला. (सर्टिफिकेट लॅमिनेटसुद्धा करून घेतलं होतं.) रविवारी सकाळच्या एसटीने मी आणि माझी बायको सुमन धाडला हजर झालो.

सासूबाई टेबलामागे भिंतीला टेकून तूर निवडत बसल्या होत्या.

"आज नात दिसन ना, जवाईबापू?"

"दहा मिनिटांत," मी म्हणालो.

तारा जोडल्या, बटण दाबलं. स्क्रीनवर उमटलं, डायल टोन नाही. भिंतीची तार काढून साध्या फोनला लावली तर टोन खणखणीत. परत मोडेमला लावली की शुकशुकाट. अकरा वाजता लाइनमनला बोलावलं. त्याने फोन कानाला लावला आणि ठेवला.

"साहेब, लाइन चांगली हाय. तुमचंच काहीतरी चुकून राह्यलं."

मी त्याला माझ्या कोर्सची सविस्तर माहिती दिली. तो चहा पिऊन निघून गेला.

"अजून कोणाले इचारता का?" सुमन म्हणाली.

"कोणाला? या गावात माझ्याहून जास्त कोणाला कळतं?"

"तोच तर वांधा हाय."

जेवणं झाल्यावर मी निदान केलं की कॉम्प्युटरच आतून बिघडलाय. फॉरमॅट मारला, सगळं नव्याने भरलं. तेवढ्यात सासरे वामकुक्षी आटोपून आले.

"याच्यातली माही वंशावळ कुठी गेली?"

दोन बोटांनी चार महिने टाइप केलेली भावकीची वंशावळ! मी घाम पुसला. सासऱ्यांनी कोऱ्या स्क्रीनवरून एकदा बोट फिरवलं.

"असू द्या," ते म्हणाले. "मूळ पुरुषाच्या नावावरून तसाही वाद होता."

मी पुन्हा बटण दाबलं. डायल टोन नाही.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"जवाईबापू, राग नका मानू. मले काई वाचता येत नाई. पण डब्याले मांगून दोन भोकं हायेत. एकावर फोनचं चित्र हाय. तुमी भिताडातली तार त्याच्यातच घातली. मंग ते दुसरं भोक कायच्यासाठी हाय?"

मी वाकून पाहिलं. चित्राचं भोक साधा फोन जोडायला होतं; भिंतीची तार दुसऱ्याच भोकात जायला हवी होती.

"हे तुम्हाला कधी दिसलं?"

"सकाळीच. पण जवायाले कसं म्हणाव?"

तार बदलली. मोडेम किंचाळला, घरघरला आणि लागला. फोटो वरून खाली, इंच इंच उतरू लागला. आधी जावळ, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. सासूबाई अगदी स्क्रीनजवळ सरकल्या. नाक दिसलं तसा त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"आपलंच नाक हाय," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी दुसऱ्या दिवसापासून वंशावळ पुन्हा लिहायला घेतली. वहीत.

गेल्या महिन्यात आमच्या घरचं वायफाय बंद पडलं. मी राउटर उलटासुलटा करून पाहत होतो. सुमनने मला काही न विचारता मोबाइलवरून थेट धाडला व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी आता ऐंशी ओलांडलीय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "डबा मंग दाखवजो. पयले जवाईबापूले चहा दे अन् तिकडे दूर बसव."