एरंडेल घालून वेळणेश्वरला

कोल्हापूर सोडले तेव्हा पंचगंगेवर इतके दाट धुके होते, की आपण पुलावर आहोत हे चाकांखालचा आवाज बदलला म्हणूनच कळले. दिवाळी नुकतीच झाली होती. माझ्या जुन्या विलायती फटफटीला जोडलेल्या साइडकारमध्ये यमुना, माझी पत्नी, शालीत गुरफटून बसली होती. पायांशी फराळाचा डबा, डब्याला टेकून गाडीच्या तेलाचा जादा डबा. चाललो होतो तिच्या माहेरी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरला.

जाण्याचे कारण तिच्या वडिलांचा निरोप. धोंडू तांडेल (तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य नावाडी) यांची सारी हयात मलबारच्या खेपा करण्यात गेली. जाताना सुकी मासळी न्यायची, येताना मंगळूरची कौले आणायची. बाजारात सुकट घेऊन येणाऱ्या एका गाववाल्याने त्यांचा निरोप आमच्या दारात उभ्या उभ्या सांगितला. या मोसमात गलबत ते स्वतः नेणार नव्हते, पुतण्या गणू नेणार होता. अष्टमीच्या ओहोटीला गलबत सुटेल, त्याच्या आत यमुनेने यावे. "डोळ्यांना दिसतंय तोवर बायला एकदा बघू दे," असे ते म्हणाल्याचे त्याने सांगितले. लग्नानंतर यमुनेला माहेरी जाणे जमलेच नव्हते. निरोप ऐकून ती आत गेली आणि पिशवी भरू लागली.

मलकापूर मागे पडले आणि आंब्याच्या घाटात ऊन वर आले. घाट उतरताना दऱ्या अजून धुक्याने भरलेल्या होत्या. मधूनच एखादे झाड बेटासारखे वर डोकावे. आपण खाली उतरत नसून कुठल्या तरी पांढऱ्या पाण्यात हळूहळू बुडत आहोत असे वाटत होते. या धुंदीत खड्डे किती बसले याकडे माझे लक्ष राहिले नाही. पायथ्याशी थांबून यमुनेने फराळाचा डबा उघडला. तेलाच्या डब्याचे झाकण कधीच निसटले होते. सगळे तेल फराळात झिरपले होते आणि अनारसे काळेभोर होऊन बसले होते.

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आता हे गाडीलाच भरवायला हवेत."

अनारशांचे दुःख होतेच, पण खरी काळजी तेलाची होती. माझ्या गाडीत पेट्रोलच्या टाकीशेजारी तेलाची छोटी टाकी होती. तिथून तेल थेंब थेंब इंजिनात उतरे आणि जळून जाई, म्हणून ते पुन्हा पुन्हा भरावे लागे. थेंब पडताना दिसावा म्हणून एक काचेची इवलीशी खिडकी होती. पाली गाव ओलांडले आणि त्या खिडकीतले थेंब मंदावले. हातखंब्याच्या चढावर इंजिन आतून ठोके देऊ लागले, तसे मी ते बंद केले. त्यानंतर रत्नागिरीपर्यंतची वाट आम्ही तुकड्या-तुकड्यांनी कापली. थोडे चालावे, झाडाखाली थांबावे, इंजिन निवू द्यावे. दोन्ही बाजूंना सडा (जांभ्या दगडाचे उघडे माळरान) पसरला होता. त्यावरचे गवत वाळून सोनेरी झाले होते आणि वाऱ्याने एका अंगाला कलत होते. थांबलो की इतकी शांतता, की गवताची सळसळ कानात भरून राही.

रत्नागिरीत आमचा मुक्काम यमुनेच्या ओळखीच्या विष्णुशेठकडे होता. मांडवी बंदराजवळ त्यांचे दुकान होते. गलबतांना लागणारे सगळे तिथे मिळे: दोर, डांबर, शिडाचे कापड, खिळे, तऱ्हेतऱ्हेची तेले. दुकानाच्या दारातून समुद्र दिसे आणि आतल्या अंधारात काथ्याचा वास दाटलेला असे. फटफटीचे तेल मात्र त्यांच्याकडे नव्हते. ते मुंबईहून येणाऱ्या आगबोटीने मागवावे लागेल, असे ते म्हणाले. म्हणजे अष्टमी हुकणार. ती तर परवावर आली होती. "दुसरं काय चालेल ते तुम्ही बघा. तेलं मी दाखवतो," एवढे बोलून त्यांनी डबे उघडायला सुरुवात केली.

पहिले होते मोटार-लॉरीचे तेल. डबा बरेच दिवस उघडा राहिला होता. दोन बोटांत चोळले तर बारीक कच लागली. अशी कच इंजिनात जाऊ देणे म्हणजे आत कानस फिरवणे. दुसरे आगबोटीच्या वाफेच्या यंत्राचे, काकवीसारखे दाट. काचेच्या खिडकीतून ते थेंबाने उतरलेच नसते. तिसरे उंडीचे, गलबताच्या लाकडाला लावायचे. ते विष्णुशेठांनीच बाजूला सारले. शेवटी राहिले एरंडेल.

शर्यतीत गाड्या पळवणारे विलायती स्वार मुद्दाम एरंडेल वापरतात, असे मी वाचले होते. ते कितीही तापले तरी पातळ होऊन पळत नाही, धातूला धरून राहते. पण त्याच्या दोन खोडी आहेत. खनिज तेलात ते मिसळत नाही. दोन्ही एकत्र आली तर चिकट गाळ धरतो. आणि फार दिवस आत राहिले तर डिंकासारखे होते. इंजिन बिघडले असते तर कोकणच्या त्या कडेला दुरुस्त करणारे कोणी नव्हते. मी यमुनेला दोन्ही बाजू सांगितल्या. तिने फक्त विचारले, "आगबोटीची वाट बघितली तर गाडी नक्की चांगली राहील?" मी हो म्हणालो. "आणि एरंडेल घातलं तर नक्की बिघडेल?" तसे काही नक्की नव्हते. "मग एरंडेल घाला," ती म्हणाली.

मी बाटल्या भरभरून एरंडेल मागू लागलो तेव्हा विष्णुशेठ जरा दचकले आणि घरात कोणाचे पोट बिघडले आहे का, असे त्यांनी हळूच विचारले.

दुपारभर आम्ही अंगणात काम केले. गावठी एरंडेलात पाण्याचा अंश राहतो, हे यमुनेच्या लक्षात आले. तिने ते चुलीवर कढवले आणि त्याची तडतड पूर्ण थांबेपर्यंत ती तिथून उठली नाही. मी टाकी सोडवून पेट्रोलने धुतली, पुन्हा धुतली, जुन्या तेलाचा थेंब राहू दिला नाही. टाकीच्या तळाची गाळणी पाहिली आणि थेंब का मंदावले होते ते कळले. तारेच्या जाळीवर काळा चिखल बसला होता आणि जाळीवरची नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती कुजून तिचे धागे सुटले होते. जाळी धुऊन भागणार होते, पण चकतीला पर्याय हवा होता. शिडाचे कापड फार घट्ट, तेल अडले असते. धोतराचे फार विरळ, गाळ गेला असता. घोंगडीचे केस सुटत. मी कपाळावरचा घाम पुसायला डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून तसाच थांबलो. टोपी नमद्याचीच होती, दिवाळीची नवी. रंग निघेनासा होईपर्यंत उकळत्या पाण्यात ती धुतली, वाळवली आणि कात्रीने तिचा माथा गोल कापला. चकती जाळीवर नेमकी बसली.

प्लगची चिनीमाती तडकली होती. बंदरावरच्या एका मोटारवाल्याने आपला जादा प्लग देऊ केला, पण तो माझ्या प्लगपेक्षा लांब होता. आत दट्ट्याला लागला असता. त्याच्याखाली तांब्याच्या आणखी चकत्या घातल्या आणि इंजिन हाताने सावकाश फिरवून कुठे अडत नाही याची खात्री केली. मग गाडी सुरू केली. काचेच्या खिडकीत पहिला थेंब जमला, फुगला, मधासारखा लोंबला आणि सुटला. यमुना वाकून पाहत होती. दुसरा पडला तेव्हा ती उठली आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. चाफे, जाकादेवी करत जयगडच्या वाटेला लागलो. जळत्या एरंडेलाला एक वेगळाच वास असतो. गोडसर, थोडा धुपासारखा. तो आमच्या मागे रेंगाळत होता. भातकापणी चालली होती. खळ्यांवरची माणसे आवाजाने मान वर करत आणि वासाने मान वळवून पाहत राहत. गाडी इतकी मऊ चालली होती की मलाही झोपेत चालल्यासारखे वाटू लागले. आंब्याच्या बागांची सावली, मग उन्हाचा तुकडा, मग पुन्हा सावली, आणि अधूनमधून दूर खाली निळ्या पाण्याची एक रेघ.

जयगडच्या खाडीवर दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या आणि त्यावर गाडी चढवली. होडीवाल्याने नाक वर करून वास घेतला आणि यात घातलंय काय, असे विचारले. मी सांगितले. तो वल्ही मारत राहिला. पलीकडच्या तवसाळच्या काठाला लागताना म्हणाला, "म्हणजे आमच्या बापाशीला पोटात कळ आली तर तुमच्याकडंच आणायला हवा."

हेदवीच्या सड्यावरून उतरलो आणि संध्याकाळच्या उन्हात वेळणेश्वर दिसले: माडांची दाट रांग, देवळाचा कळस, आणि पुढे चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा. धोंडू तांडेल अंगणात उभे होते. आवाज त्यांनी फार आधी ऐकला असणार. उंच, सरळ, पांढऱ्या मिशांचे. यमुना खाली वाकली तशी त्यांनी दोन्ही हातांनी तिचे तोंड धरले.

"आलीस गो बाय," ते म्हणाले. "बरा झाला, दिसतंय तवर आलीस."

मला जरा ओशाळल्यासारखे झाले होते. सासुरवाडीला, तेही अशा रीतीभातीच्या माणसापुढे, मी बोडक्या डोक्याने उभा होतो. टोपीचे काय झाले ते सांगण्यासाठी मी शब्द जुळवत होतो. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे नीट पाहिल्यासारखे केले आणि म्हणाले, "टोपी शोभते हो तुम्हाला, जावईबापू."

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. यमुनेने माझ्याकडे पाहिले. क्षणभर तिच्या चेहऱ्यावरचे सगळे थांबले. मग तीच म्हणाली, "दिवाळीत नवी घेतली, बाबा."

आत जाऊन आम्ही जेवलो: तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके. ते ताटात अचूक हात घालत होते, बसल्या जागेवरून भिंतीवरच्या कंदिलाकडे बोट दाखवत होते. त्यांनी घर पाठ केले होते. त्यांना नेमके कधीपासून दिसत नव्हते, हे आम्ही विचारले नाही. निरोप पाठवला तेव्हाही दिसत नसावे. पण नुसते "ये" म्हटले असते, तर मुलीने सासरी रजा मागावी कशाच्या आधारावर?

सकाळी गलबत सुटायचे होते. ते बोऱ्याच्या बंदरातून निघून वेळणेश्वरासमोरून दक्षिणेला जाणार होते. आम्ही तिघे किनाऱ्यावर गेलो. मतलई (पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) पाठीवर लागत होती. पाणी ओसरले होते आणि ओल्या वाळूत आभाळ उतरले होते. वर कुठले आणि खाली कुठले, हे कळत नव्हते. गणूने टेकडीच्या आडून गलबत बाहेर काढले आणि शीड भरले.

"सांग," तांडेल म्हणाले. "माझी नजर लांबचं जरा कमी धरते."

यमुनेने त्यांचा हात धरला आणि सांगू लागली. शीड पूर्ण भरले आहे, नवा जोड दिलेला पांढरा तुकडा दिसतो आहे, गणू सुकाणूपाशी उभा आहे, त्याने इकडे हात केला. तांडेलांनी हात वर केला. गलबत देवळासमोर आले, पुढे गेले. नाळ (गलबताचे पुढचे टोक) किंचित दक्षिणेला वळली. ते वाळूवर पाय रोवून उभे होते आणि गलबत वळले तसे त्यांचे खांदेही वळले.

शीड लहान झाले, बगळ्याएवढे, मग पाकळीएवढे. मग सकाळच्या धूसर उजेडात ते विरून गेले. मी डोळ्यांवर हात धरून पाहिले. समुद्र रिकामा होता.

"आता?" तांडेलांनी विचारले.

"दिसतंय अजून," यमुना म्हणाली.

ती सांगत राहिली. ऊन चढले, तरी ती सांगत होती. शीड जरा कलले आहे, वारा चांगला आहे, पाखरांचा थवा मागे लागला आहे. ते हुंकार देत ऐकत होते. मी थोडा बाजूला जाऊन वाळूवर बसलो.

चार दिवस राहून आम्ही परतलो. वाटेत रत्नागिरीला आगबोटीने आलेले खरे तेल घेतले, एरंडेल काढून टाकी पुन्हा धुतली. विष्णुशेठांनी मला एक टोपी भेट दिली. फटफटीला कोणते तेल घालावे, असे आता कोणी विचारले की मी अनुभवाने सांगतो: योग्य तेच शोधावे, त्यासाठी थांबावे लागले तर थांबावे. पण थांबण्यासारखे नसेल, तर हाताशी काय आहे ते नीट पारखून घ्यावे, स्वच्छ गाळावे आणि निघावे.

आंब्याचा घाट चढून वर आलो तेव्हा यमुनेने गाडी थांबवायला सांगितली. खाली कोकण निळसर वाफेत बुडाले होते. समुद्र तिथून दिसत नाही. तरी ती त्या दिशेला पाहत उभी राहिली. मी तिला म्हणालो, की त्या सकाळी तिने फार चांगले केले. बाबांना शेवटपर्यंत गलबत दिसत राहिले.

ती हसली. "मतलईवर सुटलेलं गलबत किनाऱ्यावरून किती वेळ दिसतं, हे मी त्यांना शिकवणार? जन्म गेला त्यांचा त्यात. कधी दिसेनासं झालं ते त्यांना माझ्याआधी कळलं असेल."

"मग ते काही बोलले का नाहीत?"

तिने पदर सावरला आणि साइडकारमध्ये बसली.

"मी सांगत होते ना," ती म्हणाली. "त्यांना ऐकायचं होतं."