कोपरगावातलं जहाजी घड्याळ

कोपरगावात समुद्र नाही. तरी बापूच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात आम्ही चौघं घड्याळवेडे बसलो, की किस्से भरतीच्या पाण्यासारखे चढतात. अधूनमधून उपसावे लागतात, नाहीतर दुकान बुडेल! बहुतेक किस्से आमच्या रावसाहेबांचे. त्यातले निम्मे खरे. कुठले निम्मे, ते विचारायचं नाही.

*

साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर रावसाहेबांनी मुंबईच्या एका शौकिनाला आपली लाडकी मोटरसायकल दिली आणि बदल्यात जुनं स्विस डेक क्रोनोमीटर घेतलं. म्हणजे जहाजावर अचूक वेळ सांभाळणारं, लाकडी पेटीतलं घड्याळ.

एस.टी.त पेटी मांडीवर, तान्ह्या बाळासारखी. खड्डा आला की हे पेटीसकट उभे!

कंडक्टर म्हणाला, "काका, काय हाय त्यात?"

"जहाजाचं घड्याळ."

"मंग जहाजानं न्यायचं की! आमच्या गाडीत कशाला त्याचे हाल?"

*

जहाजी रिवाजाप्रमाणे त्यावर लंडनची वेळ ठेवलेली. शेजारचे पांडूतात्या दुपारी चारच्या चहाला आले, तर पेटीत साडेदहा!

"बंद पडलं व्हय?"

"नाही तात्या. लंडनात आत्ता साडेदहाच वाजलेत."

तात्यांनी चहाची बशी बाजूला सारली. "मंग निसता चहा कशाला? न्याहारीच आना!"

*

घड्याळ रोज दोन सेकंद मागं पडायचं. बापू दुरुस्तीला सरसावला, तर रावसाहेब अंगावर धावले.

"हात लावू नको! काटे सारखे जुळवत बसायचं नसतं. चूक असू दे, पण रोज तेवढीच पाहिजे. त्यालाच स्विस काम म्हणतात!"

आतून रावसाहेबांच्या बायकोचा, आमच्या कुसुमवहिनींचा आवाज आला, "ओला टॉवेल रोज पलंगावर! एक दिस चुकला न्हाई. मंग तुमीबी स्वित्झर्लंडचेच की वो!"

*

रोज सकाळी आठला किल्ली. एकदा थांबलं की सगळी लय मोडली, म्हणून रावसाहेब कुठे मुक्कामाला जात नसत. वहिनींच्या माहेरच्या लग्नालासुद्धा जेवून परत! कुकरच्या शिट्टीनं सेकंदकाटा दचकतो, म्हणून कुकर मागच्या अंगणात.

वहिनींनी शेवटी सांगून टाकलं, "एक तर ही सवत ऱ्हाईल, न्हाईतर मी!"

रावसाहेब विचार करायला लागले. तेच चुकलं. वहिनी महिनाभर बोलल्या नाहीत!

*

आणि नेमकं रावसाहेबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. आठवडाभर नगरला. स्ट्रेचरवरून म्हणाले, "माझ्याजवळ मुलगी थांबेल, ही घरीच आहे; पण सवतीला किल्ली ती कशाला देईल? तुम्ही किल्ली द्या रे. थांबलं तर मला तोंड दाखवू नका!"

आम्ही सकाळी आठला हजर. वहिनी दारात आडव्या. "चहा घ्या अन् निगा. त्या पेटीला कुनी हात लावायचा न्हाई."

रोज चहा प्यायलो आणि रोज परत आलो. घड्याळ गेलं, हे आम्ही धरूनच चाललो. दवाखान्यात फोनवर मात्र सांगायचो, "टकाटक चाललंय!"

डिस्चार्जच्या दिवशी आम्हीच रावसाहेबांना धरून घरात आणलं. चपला न काढता ते पेटीशी गेले. बापूनं डोळे मिटले.

टिक, टिक, टिक!

रावसाहेबांनी मोबाईलशी वेळ ताडून पाहिली. रोजचे दोन, आठवड्याचे चौदा सेकंद; बरोबर तेवढंच आणखी मागं.

"किल्ली कुणी दिली?"

वहिनी चहा गाळत होत्या. "मला काय ठावं? आला असंल एखादा कप्तान!"

आम्ही हसलो आणि रावसाहेबांना टेकवायला आतल्या खोलीत नेलं.

पलंगावर रावसाहेबांचा टॉवेल पडला होता, ओलाच.