एकमतानं नाय

आमच्या ग्रामसभेत ठरावावर हात वर झाले की ग्रामसेवक ‘एकमताने मंजूर’ लिहायला घ्यायचे. मग शाळेच्या ओसरीत शेवटच्या खांबाला टेकून बसलेले नामाभाऊ शांतपणे म्हणायचे, "एकमतानं नाय, बहुमतानं लिवा. मी हाय ना हितं." पळसदरीच्या रस्त्यावर गावाची कमान उभारायची ठरली तेव्हाही त्यांचा हात खालीच होता. आधी पाण्याची टाकी बांधा, असं त्यांचं म्हणणं. मुलगा गणेश फौजेत भरती झाला तेव्हा सभेने भाऊंच्याच अभिनंदनाचा ठराव आणला. भाऊंनी त्यालाही विरोध केला. भरती पोरगा झाला, मी काय केलं, असं विचारू लागले. सगळे पोट धरून हसले आणि ठराव बहुमताने मंजूर झाला.

खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते भातशेती बघत. मी त्यांचा शेजारी. माणूस भांडकुदळ मुळीच नव्हता. सभा संपली की ज्याच्याशी वाद घातला त्या सरपंच विलासलाच घेऊन चहाच्या टपरीवर जायचे. "इरोध सभेत, च्या भाईर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग सीमेवर युद्ध पेटायची वेळ आली. तिकडे एका हल्ल्यात माणसं मेली होती आणि घरोघरी टीव्ही ओरडत होते. गणेश तिकडेच तैनात होता, त्याचा फोन लागत नव्हता. त्यातच आमच्या गावच्या सायलीने, कर्जतला कॉलेजात जाणारी पोर ती, मोबाईलच्या स्टेटसवर विचारलं की हल्ला झाला तिथे बंदोबस्त का नव्हता, याचं उत्तर कोण देणार? पार दहिवलीपर्यंत बोभाटा झाला. तिने घाबरून ते काढून टाकलं, तरी तिला देशद्रोही ठरवून निषेध करायला विलासने खास ग्रामसभा बोलावली.

पोरीचे आईवडील मान खाली घालून बसले होते. आमचे सगळ्यांचे हात वर गेले. भाऊ मात्र खांबाचा आधार घेऊन उठले.

"माजा पोरगा तिकडं उबा हाय," ते म्हणाले. "तिनं इचारलं तेच मी पन रोज इचारतो. फकस्त माज्याकडं तसला मोबाईल नाय."

कुणीतरी मागून विचारलं, की उद्या गणेशचं काही बरंवाईट झालं तर? भाऊ त्या माणसाकडे वळले.

"तवा तर जास्तच इचारीन," ते म्हणाले आणि खाली बसले.

ठराव बहुमताने मंजूर झाला. त्या दिवशी विलास चहाला थांबला नाही, आणि पुढेही कधी थांबला नाही. दरवर्षी झेंड्यात फुलं घालून दोरीची गाठ मारायचं काम भाऊंचं. त्या पंधरा ऑगस्टला ते दुसऱ्याकडे गेलं. भाऊ धुतलेला सदरा घालून आले, मागे उभे राहिले, सलाम करून घरी गेले. संध्याकाळी माझ्या पडवीत बसले होते. गणेशचा फोन तोवर येऊ लागला होता, पण त्याला यातलं काही सांगायचं नाही म्हणून त्यांनी मला बजावलं.

"इरोधानं नाय रं दमलो," ते म्हणाले. "दर येळंला एकट्यानंच करायचा, त्यानं दमलो."

मी आत चहा सांगितला. तो त्यांनी दोनदा मागून घेतला.

थंडीत ते गेले. झोपेतच गेले. पुढच्या ग्रामसभेत विलासने दुखवट्याचा ठराव वाचला. त्यात ‘थोर देशभक्त’ असे शब्द होते. आमचे हात वर गेले. ग्रामसेवक लिहायला वाकले आणि सवयीने थबकले. खांबाजवळची जागा रिकामी होती.

तेवढ्यात बायकांमधून सायली उठली. देशद्रोही म्हणून माझा निषेध केलात, तो ठराव आधी रद्द करा, कारण भाऊंनीही तेच विचारलं होतं, असं ती म्हणाली. विलास समजावणीच्या सुरात म्हणाला, की मयताच्या वेळी वाद नको गं, ते नंतर बघू.

"मग एकमतानं लिहू नका," सायली म्हणाली. "मी हाय हितं."

ग्रामसेवकांनी विलासकडे पाहिलं. विलास खांबाकडे बघत होता. नामाभाऊंच्या दुखवट्याचा ठराव बहुमताने मंजूर झाला.