पाच पट्ट्यांची गाडी

पेणच्या स्टँडवर एसटीतून उतरलो तेव्हा वहिनी आणि पुतणी वैशाली न्यायला आल्या होत्या. दादा गेल्यानंतरची ही माझी पहिली फेरी. गडबजवळ महामार्गावर त्याची गाडी ट्रकवर आदळली. तेव्हापासून मी स्वतः गाडी चालवलेली नाही. वैशालीची रोह्याच्या कंपनीत शिफ्ट असते, तिला आता गाडी हवीच होती. "काका, सुरक्षित कुठली ते तुम्ही ठरवा," असं तिने फोनवर सांगितलं होतं. माझ्यावर एवढा विश्वास का, कोण जाणे.

गणपतीच्या कारखान्यांवरून (इथे मूर्तिशाळेला कारखानाच म्हणतात) आम्ही पहिल्या शोरूममध्ये गेलो. दादाच्या कारखान्याला कुलूप होतं. मी मान वळवली.

पहिल्या एसयूव्हीला सहा एअरबॅग, समोर काही आलं तर आपोआप ब्रेक, आणि लेन सुटली की सावध करणारा कॅमेरा. वैशालीने गडबपर्यंत चालवून पाहिली. कॅमेरा सगळा वेळ गप्प.

"रस्त्यावर पट्टेच नाय, तो तरी काय करील?" विक्रेता म्हणाला.

गडबच्या टपरीवर चहा घेतला. वहिनी गाडीतून उतरल्या नाहीत.

रोह्याला रेल्वेने निघालो. कासू गेल्यावर वहिनींनी घावण्यांचा (तांदळाच्या जाळीदार धिरड्यांचा) डबा उघडला. मी डबा वैशालीकडे सरकवला.

रोह्याच्या एसयूव्हीलाही एअरबॅग सहाच. कॅमेरा नाही, पण चारही चाकांना डिस्क ब्रेक, धडक-चाचणीत एक तारा जास्त, आणि पाचही जागांना पट्टा, तो लावेपर्यंत वाजत राहणारा. "पट्टा नसंल तर एअरबॅगच तोंडावर मारते," इथला विक्रेता म्हणाला. मी ते वहीत टिपून घेतलं. हीच गाडी, असं मी मनात ठरवून टाकलं.

वैशालीने गाडी सुरू केली. शेजारी वहिनी, मागे विक्रेता आणि मी. वहिनींच्या बाजूने टुंग टुंग सुरू झालं. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली पट्ट्याची नुसती क्लिप काढली आणि खाचेत बसवली. पट्टा न लावताच आवाज बंद.

"सगळेच लावतात," विक्रेता हसला.

"यांच्या गाडीतली हाय. येवढीच शाबूत मिळाली," वहिनी म्हणाल्या. मग मागे वळून, "भावजी, तुम्हीच आणून दिलेली ना?"

मीच. पट्टा पोटाला काचतो म्हणून दादा कुरकुरायचा. मी हौसेने दोन क्लिपा घेतल्या होत्या, एक त्याला, एक मला. त्या दिवशीही दादाने पट्टा लावला नव्हता. वहिनी, ती क्लिप काढा, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

परतीच्या एसटीत वही उघडली. दोन्ही गाड्यांचे रकाने नीट भरलेले. काय माती तुलना केली मी. सुरक्षिततेवर बोलायचा मला काडीचाही अधिकार नाही.

पनवेलच्या अलीकडे वैशालीचा फोन आला. "काका, रोह्याची नक्की केली. आईलापण आवडली. वाजत नाय म्हणते."

आता तरी सांग, असं स्वतःला बजावलं. तोंडातून "बरं" एवढंच निघालं.